गुणसूत्रे मोजणाऱ्या बाई : नेटी स्टीव्हन्स

दरवर्षी जून महिना लागला की आपल्या विद्यालयाच्या आवारात प्रवेशासाठी आलेल्या पालकांची गर्दी होते. प्रवेश अर्जात भावंडांची माहिती भरण्याचा एक रकाना असतो. हा रकाना भरून घेताना काही मातांचा आवाज खाली जातो, हे आम्ही इतक्या वर्षांच्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. तीन मुली, चार मुली, असे सांगताना त्या मान खाली घालतात आणि कोणी न विचारता खुलासा करू लागतात. एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसा तो खुलासा असतो. शेजारी बसलेले वडील सहसा खिडकीबाहेर पाहत असतात. नियमाने विहारात जाणाऱ्या, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी लावणाऱ्या घरांतूनही हे दृश्य अद्याप नाहीसे झालेले नाही, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

आपल्या स्मरणिकेत महामानवांची चरित्रे येतच असतात आणि ती यावीतच. यंदा मात्र आम्ही एका परदेशी शिक्षिकेचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. मूल मुलगा होणार की मुलगी, हे कशाने ठरते याचा उलगडा करणाऱ्यांत या बाईंचे स्थान अग्रभागी आहे. दहावीचा विद्यार्थी एक्स आणि वाय गुणसूत्रांची आकृती काढतो, परंतु ती दोन गुणसूत्रे ओळखणाऱ्या बाईंचे नाव त्याच्या कानावर क्वचितच पडते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, विज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. पण श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा इतिहासातील प्रकार आपल्या समाजाइतका जवळून कोणी पाहिला असेल? म्हणून हा लेखनप्रपंच.

नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश या लहानशा गावी झाला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेले अमेरिकेतील यादवी युद्ध त्याच वर्षी सुरू झाले होते. वडील एफ्राइम हे सुतारकाम करीत. आई ज्युलिया नेटी लहान असतानाच निवर्तली. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफर्ड गावी राहावयास गेले. हे घर श्रीमंत नव्हते, पण सुताराच्या हाताला काम होते आणि मुलींना शाळेत पाठविण्याची त्याची तयारी होती. नेटी आणि तिची बहीण एमा दोघीही शाळेत हुशार निघाल्या. १८८० मध्ये नेटीने वेस्टफर्ड अकॅडमीतून शालेय शिक्षण पूर्ण केले.

त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे जे मोजके मार्ग होते, त्यांत शिक्षिकेची नोकरी हा प्रमुख होता. नेटीबाई न्यू हँपशायर राज्यातील लेबनन येथे माध्यमिक शाळेत शिकवू लागल्या. प्राणिशास्त्र, शरीरशास्त्र, गणित, इंग्रजी आणि लॅटिन असे विषय त्यांच्याकडे होते. एकाच शिक्षकाने पाच विषय ओढण्याचा प्रसंग आपल्या ग्रामीण शाळांतील गुरुजनांना नवा वाटणार नाही. पुढे त्यांनी वेस्टफील्ड येथील अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा करून १८८३ मध्ये त्या वर्गात सर्वाधिक गुण मिळवून बाहेर पडल्या. त्यानंतरची तेरा वर्षे त्यांनी शाळेत शिकविण्यात आणि ग्रंथालयाच्या कामात घालविली.

या वर्षांविषयी चरित्रकार फारसे लिहीत नाहीत, कारण लिहिण्याजोगे काही घडले नाही असे त्यांना वाटते. आम्हांस मात्र हीच वर्षे मोलाची वाटतात. ही शिक्षिका आपल्या पगारातून पैसे बाजूला टाकीत होती आणि तेरा वर्षांनंतरही उच्च शिक्षणाची इच्छा तिने सोडलेली नव्हती. १८९६ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी नेटीबाईंनी देशाचे दुसरे टोक गाठले आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले. हे विद्यापीठ तेव्हा नवे होते व तेथे मुलामुलींना एकत्र शिक्षण मिळत असे. ज्या वयात स्त्रीचे शिक्षण संपले, आता तिने मुलाबाळांचे पाहावे असे जग म्हणते, त्या वयात त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १८९९ मध्ये पदवी आणि १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत त्या समुद्रकिनाऱ्यावरील प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जीवांचे निरीक्षण करीत. एका जागी तासन् तास बसून बारीक गोष्ट पाहण्याची आणि पाहिलेले तंतोतंत रेखाटण्याची सवय त्यांना येथेच जडली.

१९०० मध्ये त्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात संशोधनासाठी दाखल झाल्या. थॉमस हंट मॉर्गन हे तेथे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवून बाई युरोपला गेल्या. इटलीतील नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात आणि जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे थिओडोर बोव्हेरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. आनुवंशिक गुणांचे वाहक पेशीतील गुणसूत्रेच असावीत, या दिशेने बोव्हेरी यांचे संशोधन तेव्हा चालले होते. १९०३ मध्ये नेटीबाई डॉक्टरेट झाल्या. वय बेचाळीसच्या घरात होते, हाती सर्वोच्च पदवी होती आणि पुढे पोट कसे भरावे हा प्रश्न उभा होता. मॉर्गन आदींच्या शिफारशींनंतर वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने त्यांना संशोधनासाठी अनुदान दिले आणि तो प्रश्न तात्पुरता सुटला.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न माणसाइतकाच जुना होता. गर्भ मुलाचा की मुलीचा हे कशाने ठरते? युरोपातील विद्वान कित्येक शतके पित्याच्या अंगातील उष्णतेकडे बोट दाखवीत आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही मातेला मिळणारा आहार, हवामान, तापमान ही कारणे गंभीरपणे मांडली जात. आपल्याकडे मनुस्मृतीने समरात्री आणि विषमरात्रींचा हिशोब मांडून ठेवला होता. त्याच ग्रंथाने पुढे जाऊन असेही सांगितले, की जिला केवळ मुलीच होतात अशा पत्नीला अकराव्या वर्षी बाजूस सारून दुसरी करावी. कारण ठाऊक नव्हते, पण शिक्षा ठरलेली होती आणि ती स्त्रीसाठी होती.

स्टीव्हन्सबाईंनी या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी कोणताही ग्रंथ उघडला नाही. त्यांनी एक किडा घेतला. साठवणीच्या पिठात आणि कोंड्यात होणारा हा एक काळपट भुंगेरा आहे. शास्त्रात त्याला टेनेब्रिओ मॉलिटर म्हणतात. त्याच्या प्रजननपेशींच्या अतिशय पातळ चकत्या करून, त्या रंगवून, बाई सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील गुणसूत्रे मोजू लागल्या.

येथे गुणसूत्र म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडक्यात सांगणे उचित होईल. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात धाग्यासारखे घटक असतात व पेशी विभागताना ते आखूड, जाड होऊन दिसू लागतात. हीच गुणसूत्रे. ती जोड्यांनी असतात. जोडीतील एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडी फुटते आणि त्या पेशीत जोडीतील एकच गुणसूत्र जाते. दोन्ही पेशींचे मीलन झाले की जोड्या पुन्हा पूर्ण होतात.

बाईंना त्या भुंगेऱ्याच्या मादीच्या पेशींत वीस गुणसूत्रे आढळली आणि ती सर्व मोठी होती. नराच्या पेशींतही वीसच होती, परंतु त्यांपैकी एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. नराच्या शुक्रपेशी पाहिल्या तेव्हा अर्ध्या पेशींत दहा मोठी गुणसूत्रे आढळली. उरलेल्या अर्ध्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान होते. मादीच्या अंडपेशींना मात्र सर्वत्र दहा मोठीच गुणसूत्रे मिळणार होती. उलगडा यातूनच झाला. दहा मोठ्या गुणसूत्रांची शुक्रपेशी अंडपेशीला मिळाली तर मादी जन्मते, लहान गुणसूत्र असलेली मिळाली तर नर जन्मतो. १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने हे संशोधन प्रसिद्ध केले. जोडीतील त्या मोठ्या गुणसूत्राला पुढे एक्स आणि लहानाला वाय ही नावे रूढ झाली. ही दोन लिंग गुणसूत्रे होत. बाकीच्या, नरात आणि मादीत सारख्याच असणाऱ्या गुणसूत्रांना अलिंगी गुणसूत्रे म्हणतात.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक एडमंड विल्सन हेही ढेकणांच्या वर्गातील कीटकांवर काम करून स्वतंत्रपणे याच दिशेने पोहोचले होते. विल्सन हे जगन्मान्य विद्वान होते आणि बाई अवघ्या दोन वर्षांपूर्वी डॉक्टरेट झालेल्या. एका किड्यावरून एवढा मोठा नियम कसा मानावा, ही शंकाही रास्त होती. बाईंनी तिला वादाने उत्तर दिले नाही. त्यांनी आणखी किडे तपासले. पुढील काही वर्षांत भुंगेऱ्यांच्या पन्नास आणि माश्यांच्या नऊ जाती त्यांनी एकामागून एक पाहिल्या. फळांवर घोंघावणारी फळमाशी त्यांत होती. तिच्या पेशींतील ही विषम जोडी त्यांनी १९०८ मध्ये नोंदविली. गुलाबावरील माव्याच्या प्रजननपेशींवर लिहिलेल्या त्यांच्या निबंधाला १९०५ मध्येच स्त्री वैज्ञानिकांसाठी असलेला एक हजार डॉलरचा एलेन रिचर्ड्स पुरस्कार मिळाला होता. कापसावरचा आणि ज्वारीवरचा मावा आपल्या शेतकरी पालकांनी जन्मभर पाहिला आहे. तसल्याच क्षुद्र जीवाकडे बाई वर्षानुवर्षे डोळे लावून बसल्या होत्या.

ब्रिन मॉर महाविद्यालयात त्या शिकवीतही होत्या. त्यांचे पद मोठे नव्हते आणि अध्यापनातून उरलेल्या वेळातच संशोधन करावे लागे. अखेर महाविद्यालयाने त्यांच्यासाठी संशोधनाचे स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण केले. त्या पदावर बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. स्तनाच्या कर्करोगाने ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय पन्नास वर्षे होते. पहिले संशोधन प्रसिद्ध झाल्यापासून मृत्यूपर्यंत जेमतेम अकरा वर्षे त्यांना मिळाली, आणि त्यांत त्यांनी सुमारे चाळीस शोधनिबंध लिहिले. वेस्टफर्ड गावी, वडिलांच्या आणि बहिणीच्या शेजारी त्यांची समाधी आहे.

त्यांच्या पश्चात काय झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगितलेच पाहिजे. मॉर्गन यांना १९१० मध्ये एक पांढऱ्या डोळ्यांची नर फळमाशी आढळली आणि डोळ्यांचा तो गुण एक्स गुणसूत्राशी बांधलेला आहे असे त्यांनी दाखविले. त्यापूर्वी गुणसूत्रांच्या सिद्धांताकडे ते संशयानेच पाहत आले होते. पुढे आनुवंशिकतेतील गुणसूत्रांच्या कार्याबद्दल १९३३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. मॉर्गन मोठे वैज्ञानिक होते, त्यांचे कार्य कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. बाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर लेख लिहून मॉर्गन यांनी त्यांच्या कामाची दखलही घेतली होती. परंतु पाठ्यपुस्तके लिहिली गेली तेव्हा लिंगनिश्चितीचा शोध कोणी विल्सन यांच्या, तर कोणी मॉर्गन यांच्या खात्यावर मांडला. मोजणाऱ्या बाई तळटिपेत गेल्या, पुढे तेथूनही गळाल्या. कोणी कट केला म्हणूनच असे घडते असे नाही. ज्याच्याकडे पद, विद्यापीठ आणि शिष्यांचा मेळा असतो, त्याच्या खात्यावर श्रेय आपोआप जमा होत जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी मूळ निबंध पुन्हा वाचले, तेव्हा त्यांचे नाव वर आले. ज्या वेस्टफील्ड गावी त्या अध्यापनाचे शिक्षण घेत होत्या, तेथील विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या विज्ञानभवनास त्यांचे नाव दिले.

त्यांनी किड्यात पाहिलेली विषम जोडी माणसातही आहे. मानवी पेशीत गुणसूत्रे किती, याची अचूक मोजणी व्हायला १९५६ साल उजाडले. जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती संख्या ४६ आहे असे सिद्ध केले. या २३ जोड्यांपैकी २२ जोड्या अलिंगी गुणसूत्रांच्या आणि एक जोडी लिंग गुणसूत्रांची. स्त्रीमध्ये ही जोडी एक्स-एक्स असते आणि पुरुषामध्ये एक्स-वाय. मातेच्या अंडपेशीत नेहमी एक्सच असते, दुसरे काही असूच शकत नाही. पित्याच्या शुक्रपेशींपैकी सुमारे अर्ध्यांत एक्स आणि अर्ध्यांत वाय असते. एक्स असलेली शुक्रपेशी अंडपेशीशी मिळाली तर मुलगी, वाय असलेली मिळाली तर मुलगा. वाय गुणसूत्रावरील ज्या जनुकामुळे गर्भाची वाढ पुरुषाच्या दिशेने होते, तो १९९० मध्ये सापडला. काही व्यक्तींत ही जोडी निराळी असते, कोठे एकच एक्स, तर कोठे दोन एक्स आणि एक वाय. निसर्गाच्या मोजणीत असे वेगळेपण येते, त्याने कोणाचे माणूसपण उणे होत नाही.

मुलगी झाली म्हणून मातेला बोल लावणे हे अज्ञान आहे. याचा अर्थ तो बोल आता पित्याला लावावा असा नाही. लाखो शुक्रपेशींपैकी कोणती पुढे पोहोचावी हे पित्याच्याही हाती नसते. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता पुन्हा जवळजवळ निम्मी निम्मी असते. आधी तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या वेळी मुलगा व्हावा असे काही बंधन निसर्गावर नाही. नवस, अंगारा, खास मात्रा, यांपैकी कशालाही गुणसूत्र वळविता येत नाही. आणि मुलगी होणे हा मुळात दोषच नाही, तेव्हा दोषी शोधण्याचे कारणही उरत नाही.

अलिंगी गुणसूत्रांचा विषय आपल्या समाजाला आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा आजार अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या बदलामुळे होतो. हे गुणसूत्र अलिंगी असल्याने आजार मुलाला आणि मुलीला सारखाच होऊ शकतो. जोडीतील एकाच गुणसूत्रावर बदल असेल तर ती व्यक्ती वाहक असते आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून मुक्त राहण्याची २५ टक्के असते. येथे बदललेला जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असतो. तरी आजारी लेकराच्या आईलाच दूषणे मिळतात, हे आम्ही पाहिले आहे. हिमोफिलियासारख्या आजाराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. तेथे वाहक माता तो मुलास देऊ शकते हे खरे, पण तिलाही तो जन्माने मिळालेला असतो. त्यात अपराध कसला? विवाहापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी, पत्रिका पाहण्यापेक्षा ते कितीतरी अधिक हिताचे आहे, एवढेच आम्ही सुचवू.

आनुवंशिकतेच्या ज्ञानाचा दुरुपयोगही झाला, हे लपविता कामा नये. बाईंचे संशोधन चालू असतानाच, १९०७ मध्ये, अमेरिकेतील इंडियाना राज्याने हीन वंश ठरविलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. ज्या ब्रिन मॉर महाविद्यालयाने बाईंना संधी दिली, त्याचे दरवाजे कृष्णवर्णीय मुलींना तेव्हा उघडे नव्हते. रक्तशुद्धीच्या नावाने माणसांची प्रतवारी लावण्याची हौस पूर्वेला आणि पश्चिमेला सारखीच होती. याच काळाशी आपल्या इतिहासाचा एक धागा जुळतो. बाईंच्या निधनानंतर चौदा महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच विद्यापीठात तेव्हा विल्सन शिकवीत होते आणि मॉर्गन यांची फळमाश्यांची प्रयोगशाळा गजबजलेली होती. तेथेच ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी भारतीय समाज हा अनेक वंशांच्या मिश्रणातून घडला असून जातीच्या मुळाशी जातीअंतर्गत विवाहाचे बंधन आहे, असे मांडले. पुढे १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयीच्या ग्रंथात त्यांनी, जात रक्ताची शुद्धता राखते हा युक्तिवाद मुळातून खोडून काढला. सूक्ष्मदर्शकाखाली ४६ गुणसूत्रे पाहून ती कोणत्या जातीची हे कोणालाही सांगता येणार नाही. वनस्पतींत आणि प्राण्यांत जन्माने जाती भिन्न असतात, माणसांत तसा जन्मसिद्ध भेद नाही, हे भगवान बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा स्टीव्हन्सबाईंचा निबंध प्रसिद्ध होऊन बावीस वर्षे लोटली होती. मुली होणाऱ्या स्त्रीला शिक्षा सांगणारे ते वचनही त्या अग्नीत गेले. मात्र समाजाच्या मनातून ते गेले नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने देशात प्रथम, १९८८ मध्ये, कायदा केला. असे असूनही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. त्याच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकुशा अशी नावे मिळालेल्या २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. गुणसूत्रांचे ज्ञान सोनोग्राफीच्या यंत्रापाशी पोहोचले, माजघरात पोहोचले नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

कोसलनरेश प्रसेनजित भगवंतांजवळ बसले असता राणी मल्लिकेला कन्या झाल्याची वार्ता आली आणि राजाचा चेहरा उतरला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्या वेळी राजाला समजावले, की कन्या ही पुत्राहूनही श्रेष्ठ निघू शकते. राजवाड्यातील त्या पित्याला जे सांगावे लागले, तेच आज आमच्या प्रवेश कक्षातील पित्याला सांगण्याची वेळ येते. नेटी स्टीव्हन्स या एका सुताराच्या कन्या होत्या, दोन बहिणींतील एक. त्यांच्या वडिलांनी मुली म्हणून त्यांना शाळेबाहेर ठेवले असते, तर मातांवरचा हा कलंक पुसण्यासाठी जगाला आणखी काही वर्षे थांबावे लागले असते.

यंदा जूनमध्ये भावंडांचा तो रकाना भरून घेताना आम्ही एक नवा नियम करणार आहोत. ज्या मातेचा आवाज खाली जाईल, तिला आणि विशेषतः तिच्या शेजारी बसलेल्या वडिलांना, फळ्यावर दोन मोठ्या आणि एक लहान रेघ काढून हा एक्स-वायचा हिशोब पाच मिनिटांत समजावून सांगू. माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या घरी आणि वस्तीत एवढे करावे, ही नम्र विनंती. जय भीम.